पिवळ्याची एक रेघ

वामनअण्णा रस्त्यानं सरळ जाऊ शकत नाहीत. पाय चांगले आहेत, स्कूटरही बरी आहे. आडवे येतात ते फ्लेक्स. हुबळीच्या कुठल्याही चौकात वाढदिवसाच्या शुभेच्छांचे, शाळेतल्या यशाचे आणि नव्या दुकानांचे मिळून दहाबारा फ्लेक्स लागलेले असतात आणि वामनअण्णांना त्यांतला एक तरी आजारी दिसतोच. मग ते स्कूटर कडेला लावतात, शर्टाच्या खिशातून काळ्या दोऱ्याला बांधलेलं भिंग काढतात, घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसलं, आणि फ्लेक्सवरच्या पुढाऱ्याच्या गालाला नाक लावून उभे राहतात. कोप्पीकर रोडवरच्या माझ्या ऑफिसातून दुर्गदबैलापर्यंत चालत बारा मिनिटं लागतात. वामनअण्णांबरोबर एकेचाळीस. मी दोनदा घड्याळ लावून पाहिलं आहे.

एकदा असेच ते एका पुढाऱ्याच्या गालाशी गेले असताना त्याचे चार कार्यकर्ते मागे येऊन उभे राहिले. "एन नोडाकत्तीरी?" एकानं विचारलं. काय बघताय? वामनअण्णांनी भिंग न काढता सांगितलं, "साहेब्र मारी चलो ऐति. नोझल चलो इल्ल." साहेबांचा चेहरा उत्तम आहे, नोझल ठीक नाही. कार्यकर्ते एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी त्यांतल्या वयस्कर माणसानं आवाज खाली आणून विचारलं, साहेबांना हे कधीपासून आहे, घरच्यांना माहीत आहे का? मी वामनअण्णांना दंडाला धरून तिथून हलवलं.

नोझल म्हणजे छिद्र. मोठ्या रुंदीच्या प्रिंटरच्या हेडला केसाहून बारीक अशी शेकडो छिद्रं असतात आणि प्रत्येकातून शाईचा थेंब उडतो. एक छिद्र सुकलं की चित्रात तेवढीच पांढरी रेघ राहते. पाच सुकली की पट्टे. फ्लेक्सची दुकानं, फोटो स्टुडिओ, आमच्यासारखी नकाशे काढणारी ऑफिसं, सगळीकडे ही यंत्रं आहेत आणि ती बिघडली की हुबळी-धारवाडात वामनअण्णांना बोलावतात. छपाईतला दोष शोधणं हा त्यांचा धंदा. त्यांचं म्हणणं, जगातल्या निम्म्या लोकांना दोष दिसतच नाही आणि उरलेल्यांना तो भलत्याच जागी दिसतो.

मी दुसऱ्या प्रकारातला. मी एका खाजगी सर्व्हेअरच्या ऑफिसात लेआउटचे नकाशे करतो. अठ्ठावीस वर्षं झाली. आमच्याकडे छत्तीस इंची प्रिंटर आहे. तीन वर्षांपूर्वी त्यानं नकाशांवर आडवे पट्टे टाकायला सुरुवात केली. मी नऊ दिवस झुंजलो. अकरा वेळा हेड साफ करायची आज्ञा दिली, दर वेळी किती शाई गेली ते वहीत लिहिलं, पट्टे होते तिथेच. दहाव्या दिवशी वामनअण्णा आले. मी वही उघडून सगळा इतिहास सांगायला लागलो तर त्यांनी हात वर केला.

"आधी नोझल चेक काढा, मग बोला."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. नोझल चेक म्हणजे यंत्र स्वतःच छापून देतं ती बोटभर पट्टी. प्रत्येक रंगाच्या बारीक रेघा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. एखादी रेघ नसेल तर ते छिद्र बंद. वामनअण्णांनी पट्टी भिंगाखाली धरली. मग खिशातून निळ्या जिलेटिन कागदाचा तुकडा काढून त्यातून पाहिली. पांढऱ्यावरचा पिवळा नुसत्या डोळ्याला नीट दिसत नाही, निळ्यातून काळा दिसतो, म्हणून. आमची एकही रेघ कमी नव्हती.

"हेड निर्दोष आहे," ते म्हणाले. "अकरा वेळा निरपराध माणसाला आंघोळ घातली की हो तुम्ही."

मग त्यांनी डॉक्टरसारखे प्रश्न विचारले. कागद कुठला, रोल कुठे ठेवता, खिडकी कोण उघडतं. शेवटी यंत्राला कागद कुठला म्हणून सांगितलाय ते पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. शाई कमी लागेल या हिशेबानं मी यंत्राला पातळ कागद म्हणून सांगितलं होतं आणि आत घातला होता जाड. यंत्र बिचारं पातळ कागदाच्या मापानं रोल पुढे सरकवत होतं. त्यांनी माझ्याच पट्टीनं माझाच नकाशा मोजला. साठ मीटरची बाजू कागदावर एकशे वीस मिलिमीटर यायला हवी, ती एकशे एकोणीस पूर्णांक चार आली होती. म्हणजे जमिनीवर जवळजवळ एक फूट गायब. तोवरच्या पंचवीस वर्षांत माझ्या हातून एक फूट कधी हरवला नव्हता.

"यंत्राला खोटं सांगू नये," वामनअण्णा हत्यारं गोळा करत म्हणाले. "माणसाला सांगितलं तर चालतं. माणूस समजून घेतो."

त्यांच्या फोनमध्ये गिऱ्हाइकांची नावं नसतात, दोष असतात. विद्यानगरचा एक स्टुडिओवाला 'मॅजेंटा गळती' आहे, धारवाडचे एक निवृत्त प्राध्यापक 'हेड आपटलं'. माझं नाव काय आहे ते मला समोर बसून फोन लावताना दिसलं. 'कागद खोटा, कोप्पीकर रोड.' मी म्हटलं, तीन वर्षं झाली, आता तरी बदला. ते म्हणाले, इतिहास बदलता येत नाही.

धारवाड आणि हुबळी यांच्यात वीस किलोमीटर आहेत, पण वामनअण्णांच्या लेखी ते दोन वेगळे देश आहेत. धारवाडचं यंत्र सर्दीनं आजारी पडतं, हुबळीचं धुळीनं. अमरगोळच्या मार्केट यार्डाजवळ फ्लेक्सचं एक दुकान आहे, तिथे लाल रंगात सारखे ठिपके येत होते. दोन माणसांनी यंत्र उघडून बंद केलं होतं. वामनअण्णा दारात उभे राहिले, लागोपाठ तीनदा शिंकले आणि म्हणाले, निदान झालं. शेजारच्या गाळ्यात मिरचीची पोती झटकत होते, ती पूड रोलरवर बसत होती. दार हलवलं, ठिपके गेले. या शिंकांची गोष्ट ते अजून सांगतात आणि सांगताना हुबेहूब शिंकतात.

ब्रीदवाक्य ते घरगुती बाबींनाही लावतात. आमच्या घरी कुकरची शिट्टी होईना म्हणून मी आणि बायको एकमेकांच्या वीस वर्षांच्या चुका काढत होतो. वामनअण्णा काहीतरी द्यायला आले होते. त्यांनी झाकण उघडलं, रबर उलटं बसलेलं दाखवलं आणि बायकोला म्हणाले, "वहिनी, आधी चेक काढायचा, मग भांडायचं. भांडू नका असं मी म्हणत नाही की." बायकोनं त्यांना चहा दिला. मला द्यायचा राहिला.

आता रविवारची गोष्ट. रविवारी आमचं ऑफिस बंद असतं, पण मी दहा ते बारा जातो. शांततेत आठवड्याचे नकाशे तपासून होतात. गेल्या वर्षीपासून वामनअण्णा बरोबर सव्वादहाला तिथे यायला लागले. यंत्र आठवडाभर चालो न चालो, रविवारी थोडं चालवलं पाहिजे, नाहीतर शाई सुकते, असं ते सांगत. मी मानलं. ते नोझल चेक काढत, भिंगातून बघत, निळ्यातून बघत आणि मग त्यांचा चेहरा पडे.

"सगळं ठीक?" मी विचारायचो.

"सगळं ठीक," ते असं म्हणायचे की समोरच्याला वाटावं, कुणीतरी गेलं.

मला हे समजेना. आपलं यंत्र धडधाकट आहे हे ऐकून खट्टू होणारा मेकॅनिक मी पाहिला नव्हता. पट्टीची घडी घालून ते खिशात ठेवत आणि माझ्या टेबलाच्या पलीकडच्या टोकाला पाठ करून थोडा वेळ बसत. मला वाटे, नोंद करत असतील. साठ रविवारांपैकी त्रेपन्न रविवार ते आले. एकदा तर ताप असताना आले.

त्या त्रेपन्नाव्या रविवारी मी खाली चहा सांगायला गेलो आणि चहावाला नव्हता म्हणून लगेच परत आलो. वामनअण्णा पाठ करून बसले होते. मी मागून गेलो. त्यांच्या हातात अर्धं ब्लेड होतं आणि ते नोझल चेकवरची पिवळ्याची एक रेघ खरवडून काढत होते.

रस्त्यावरच्या परक्या फ्लेक्सवरची रेघ ज्याला सहन होत नाही तो माणूस माझ्या निर्दोष यंत्राच्या निर्दोष पट्टीत स्वतःच्या हातानं दोष तयार करत होता. मी खोकलो. परीक्षेत कॉपी करताना धरलेल्या मुलासारखी त्यांनी पट्टी हाताखाली झाकली. मी काही विचारलं नाही. माझ्या घरात विचारल्यावर कुणी सांगत नाही, गप्प राहिलं की सांगतात, हे मला ठाऊक आहे. चारपाच मिनिटांनी त्यांनी सांगितलं.

जुन्या हुबळीत ते आणि त्यांचे थोरले भाऊ अप्पा, दोघंच राहतात. वामनअण्णांनी लग्न केलं नाही, अप्पांची बायको वारली आणि मुलगी बेळगावला दिली आहे. अप्पा पेंटर होते. दुकानांच्या पाट्या ब्रशनं रंगवायचे आणि त्यांच्या पाटीवरचा हळदी पिवळा बाजारात लांबून ओळखू यायचा. रंग कालवायला, दोरा धरायला वामनअण्णा. मग गल्लीत फ्लेक्सचं पहिलं यंत्र आलं आणि त्यावर कामाला गेले तेही वामनअण्णाच. अप्पा त्यांना एका शब्दानं बोलले नाहीत. सगळे ब्रश त्यांनी रॉकेलमध्ये धुतले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले. त्यानंतर घरात बोलणं जेवायला वाढलंय आणि दार लावून घे, एवढ्यावर आलं.

एकदा वामनअण्णांच्या खिशातली एक पट्टी जेवताना खाली पडली. अप्पांनी उचलली, उजेडात धरली, भिंग नाही, निळा कागद नाही, आणि म्हणाले, "पिवळ्याची एक रेघ नाही." मग ते थांबले नाहीत. पिवळा सगळ्यात लबाड रंग कसा, नसला तरी कुणाला कळत नाही आणि चेहरा मात्र मेल्यासारखा दिसतो, असं अर्धा तास बोलले. त्या दिवसापासून वामनअण्णा रोज एक पट्टी घरी नेतात. दुकानात गेल्यावर दुरुस्तीच्या आधी काढलेली, दोषाची.

"चांगली दाखवली तर 'बरं आहे' म्हणतो आणि भिंतीकडे तोंड करतो," वामनअण्णा म्हणाले. "चुकलेली दाखवली तर बोलतो. सहा दिवस मिळते हो चुकलेली. रविवारी कुठून आणू?"

आणि आता दोन महिने झाले, अप्पा कसलीही पट्टी दाखवली तरी 'बरं आहे' म्हणत होते. मागच्या आठवड्यात अख्खा पिवळा नसलेली दाखवली, तरी बरं आहे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, ते वामनअण्णांना दिसत होतं. ऑपरेशनचं नाव काढलं की अप्पा म्हणायचे, बघायचं काय राहिलंय. म्हणून वामनअण्णा रेघा जास्त जास्त खरवडत चालले होते.

"तुम्ही आकड्यांचा माणूस," ते म्हणाले. "तुम्ही येऊन सांगा की."

मी गेलो. आमच्या ओळखीतल्या किती जणांनी हे ऑपरेशन केलं, किती जण दुसऱ्या दिवशी पेपर वाचत होते, हे कागदावर मांडून नेलं होतं. अप्पा खाटेवर बसले होते. बोटं लांब, नखांत अजून कुठलातरी जुना रंग. त्यांनी सगळं सभ्यपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "चहा घेणार?"

बाहेर कट्ट्यावर येऊन मी वामनअण्णांना म्हटलं की, मला एक समजत नाही. तुम्ही पुढाऱ्याचा चेक काढता, माझ्या कुकरचा काढता. अप्पांचा काढलात का? ते भिंगाचा दोरा बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "काढला आणि गेलेलं निघालं तर?"

तरी ते उठले. खिशातून दोन पट्ट्या काढल्या, एक पूर्ण आणि एक पिवळा अजिबात नसलेली, आणि आत जाऊन अप्पांच्या हातात दिल्या. यांतली खराब कुठली, एवढंच विचारलं. अप्पांनी त्या दाराशी नेल्या. एक जवळ धरली, लांब धरली, तिरपी केली. मग दुसरी. इतका वेळ लागला की मी भिंतीवरच्या कॅलेंडरचे सगळे सण वाचून काढले.

"दोन्ही सारख्याच आहेत," अप्पा म्हणाले.

"एकीत पिवळाच नाही, अप्पा."

अप्पा परत खाटेवर येऊन बसले. दोन्ही पट्ट्या त्यांनी मांडीवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि ज्या जागी पिवळा असायला हवा तिथे अंगठा फिरवत राहिले. वामनअण्णा दारात उभे होते. त्यांचं तोंड बघवत नव्हतं म्हणून मी माझी आकड्यांची चिठ्ठी घडी घालून खिशात टाकली. मग अप्पांनी विचारलं, "डॉक्टर कुठल्या वारी असतो?"

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतरचे तीन आठवडे वामनअण्णा गिऱ्हाइकांना नको नको झाले होते. 'मॅजेंटा गळती'वाल्यानं मला फोन करून विचारलं की, वामनअण्णा हल्ली पट्टी न बघताच हेड साफ करतात, काही बिनसलंय का. मी म्हटलं, थोडे दिवस सांभाळून घ्या.

डॉक्टरांनी काळा चष्मा काढायला सांगितला तो रविवार होता. वामनअण्णा सव्वादहाला आले, चेक काढला, बसले आणि एक रेघ खरवडली. एकच, आणि तीही पिवळ्याची. मला म्हणाले, चला. मी त्या दिवशी नकाशे न तपासता कुलूप लावलं.

अप्पा दाराशी खुर्ची टाकून बसले होते. वामनअण्णांनी नेहमीसारखी पट्टी पुढे केली, जणू आत्ताच कुठून तरी आले आहेत. अप्पांनी ती हातभर लांबून पाहिली. मग जवळ घेतली, उजेडाकडे तिरपी केली आणि डोळ्यांच्या रेषेत धरली.

"हे नोझल नाही," ते म्हणाले. "नोझल गेलं तर कागद कोरा राहतो. इथं कागदाची लव वर आलीय. ब्लेडनं खरवडलंय."

वामनअण्णा चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते.

"किती दिवस चाललंय हे?"

मला आकडा माहीत होता. आजचा धरून चोपन्न रविवार. पण तो मी पहिल्यांदाच मनात ठेवला.

अप्पांनी पट्टी परत केली. हसले नाहीत, रागावले नाहीत. रंग कालवताना चुकलेल्या माणसाला सांगावं तसं म्हणाले, "वाम्या, ब्लेड उभं धरतोस तू. आडवं धर. लव उठत नाही." आणि मग पातळ रेघ खोडायची कशी, पाटीवरचं अक्षर चुकलं तर ते स्वतः काय करायचे, टर्पेंटाइन किती आणि फडकं कुठलं, हे सुरू झालं. मी निघालो तेव्हा ते रॉकेलपर्यंत आले होते आणि वामनअण्णा जमिनीवर बसले होते.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. कॉम्प्युटरच्या आधी आम्ही ट्रेसिंग कागदावर शाईनं नकाशे काढायचो आणि चुकलेली रेघ अर्ध्या ब्लेडनंच काढायचो. ब्लेड आडवं धरायचं हे मला तेव्हापासून माहीत आहे. वामनअण्णा ते उभं धरतात हे मला चहावाला नव्हता त्या रविवारीच दिसलं होतं. चूक दिसूनही मी गप्प बसलो, असं माझ्या नोकरीत एकदाच झालं आहे.

पुढच्या रविवारी ते सव्वादहाला आले आणि पातळ ब्लेड आहे का म्हणून विचारलं. मी ड्रॉइंगच्या जुन्या पेटीतून काढून दिलं. त्यांनी नोझल चेक काढला, भिंगातून पाहिला, निळ्यातून पाहिला. एकही रेघ कमी नव्हती.

"सगळं ठीक," ते म्हणाले, आणि बाह्या वर करून कामाला बसले.